पीएच.डी.नंतर प्राध्यापकी, पोस्टडॉक की कंपनी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यातल्या एका राष्ट्रीय प्रयोगशाळेत सेंद्रिय रसायनशास्त्रात पीएच.डी. चालू आहे. प्रबंध सहा-सात महिन्यांत सादर होईल. वय ३०, चार पेपर, नेट-जेआरएफ (प्राध्यापकपदाची आणि संशोधनवृत्तीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) आधीच झालेली. घरच्यांना वाटते प्राध्यापक व्हावे, गाईड परदेशी पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरचे मुदतीचे संशोधन) सुचवतात, आणि हैदराबादच्या एका कंत्राटी संशोधन कंपनीकडून वर्षाला १२ लाखांचे बोलणे आले आहे. काय निवडावे?

पैसा हवा तर कंपनी, आवड असेल तर कॉलेज, असे सर्रास सांगितले जाते. ते आकड्यांवर घासून पाहिले तर टिकत नाही, म्हणून सुरुवात आकड्यांपासूनच करतो.

कायमस्वरूपी सहायक प्राध्यापकाची वेतनश्रेणी सातव्या आयोगानुसार लेव्हल १०, मूळ वेतन ५७,७००. महागाई भत्ता ५५ टक्के धरला तर मूळ अधिक भत्ता ८९,४३५ होतात. पुणे-मुंबईसारख्या वर्गात मोडणाऱ्या शहरात केंद्राच्या दराने घरभाडे ३० टक्के, म्हणजे १७,३१०. एकूण १,०६,७४५, वाहतूक भत्ता वेगळा. त्यातून निवृत्तिवेतन योजनेत तुमचे १० टक्के, म्हणजे साधारण ८,९४० कापले जातात. प्राप्तिकराच्या आधी हातात ९७-९८ हजार येतात. राज्याचा भत्ता केंद्राच्या मागेपुढे जाहीर होतो, त्यामुळे कॉलेजात आकडा थोडा हलेल, पण चित्र हेच.

आता कंपनीचे १२ लाख. हा सीटीसी आहे, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण वार्षिक खर्च, पगार नव्हे. त्यात १० टक्के व्हेरिएबल असेल तर १,२०,००० वर्षअखेरीच्या मूल्यमापनावर अवलंबून. मूळ वेतन ४० टक्के धरले तर ४,८०,०००. त्यावर कंपनीचा पीएफ १२ टक्के, ५७,६००. ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्के, २३,०८८. हे सगळे सीटीसीतच मोजलेले असते. उरले ९,९९,३१२. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ ५७,६०० आणि तेलंगणातल्या व्यवसायकराचे २,४०० गेले की महिन्याला हातात साधारण ७८ हजार. काही कंपन्या पीएफ महिना १,८०० वर मर्यादित ठेवतात, तिथे हातात थोडे जास्त येते. ऑफर लेटरसोबतचे परिशिष्ट मागून घ्या आणि हाच हिशेब तुमच्या आकड्यांवर करा.

म्हणजे सुरुवातीला कायमस्वरूपी प्राध्यापकाचा पगार कंपनीतल्या नवख्या पीएच.डी.पेक्षा कमी नाही, बऱ्याचदा जास्तच आहे. पुढच्या दहा वर्षांत कंपनीतला चांगला माणूस पुढे निघून जातो, तो भाग वेगळा. खरी अडचण त्या ‘कायमस्वरूपी’ शब्दात आहे. जागा किती, कधी निघतील आणि तोवर तुम्ही काय करत बसाल, यावर सगळे ठरते. माझ्या मते हा निर्णय प्रामुख्याने वेळेचा आहे: कोणत्या दारासाठी किती वर्षे द्यायची आणि त्या वर्षांत हातात काय जमवायचे.

कारण काही दारे वयाने बंद होतात आणि ती पुन्हा उघडत नाहीत. सीएसआयआर या राष्ट्रीय प्रयोगशाळा चालवणाऱ्या परिषदेतील वैज्ञानिक पदाला (लेव्हल ११, मूळ वेतन ६७,७००) खुल्या प्रवर्गात वयोमर्यादा ३२ आहे. केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या, म्हणजे डीएसटीच्या इन्स्पायर फॅकल्टी फेलोशिपलाही ३२. ती पाच वर्षांची असते, महिना १,२५,००० आणि संशोधनासाठी वर्षाला ७ लाख. राष्ट्रीय पोस्टडॉक फेलोशिपला, म्हणजे एनपीडीएफला ३५. आयआयटी आणि आयसर (केंद्राच्या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) यांसारख्या ठिकाणी सक्तीची रेघ नसली तरी सहायक प्राध्यापकासाठी पस्तिशीच्या आतला उमेदवार पसंत केला जातो. आरक्षित प्रवर्ग, महिला आणि दिव्यांग उमेदवारांच्या सवलती योजनेप्रमाणे बदलतात, त्या प्रत्येक जाहिरातीत तपासाव्या लागतात. परदेशी फेलोशिपा वयाऐवजी पीएच.डी.पासूनची वर्षे मोजतात: जर्मनीच्या हुम्बोल्टला चार, जपानच्या जेएसपीएसला सहा, युरोपच्या मेरी क्युरी पोस्टडॉकला आठ.

तुमचे वय पाहता व्हायवा (प्रबंधावरची तोंडी परीक्षा) होईपर्यंत ३१ लागेल. म्हणजे सीएसआयआर आणि इन्स्पायरसाठी तुमच्याकडे जेमतेम एक-दोन संधी आहेत. ‘आधी परदेशात तीन वर्षे जाऊन येतो, मग इथे बघू’ असे ठरवणारा उमेदवार या दोन दारांवर आपणहून कुलूप लावतो, आणि बहुतेकांना हे परत आल्यावर कळते. परदेशात राहून अर्ज करता येण्यासारखी रामानुजन फेलोशिप आहे, चाळिशीच्या आतल्यांसाठी, पण तिच्यासाठी स्पर्धा तगडी असते आणि यजमान संस्थेची संमती आधी मिळवावी लागते. यांपैकी कोणतीही फेलोशिप कायम नोकरीची हमी देत नाही. पाच वर्षे संपली की त्याच संस्थेत सामावून घेतील, असे गृहीत धरू नका.

घरच्यांच्या मनातले प्राध्यापकपद म्हणजे बहुधा अनुदानित महाविद्यालयातले. तिथली यंत्रणा नीट समजून घ्या. जागा रिक्त असली म्हणजे जाहिरात निघतेच असे नाही. बिंदुनामावली (कोणती जागा कोणत्या प्रवर्गाला याचा तक्ता) तपासून घ्यावी लागते, शासनाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते, मग जाहिरात, मग विद्यापीठाचे प्रतिनिधी आणि विषयतज्ज्ञ असलेली निवड समिती, आणि शेवटी विद्यापीठाची मान्यता. यांतली एक पायरी अडली तरी वर्ष जाते. भरती वर्षानुवर्षे थांबते आणि मग एकदम निघते, त्यामुळे ‘दोन वर्षांत लागेल’ असा हिशेब कुणी मांडून दिला तर त्यावर घराचे कर्ज काढू नका. शासकीय विज्ञान महाविद्यालयांतली पदे लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात. त्या जाहिराती वेगळ्या, त्यांवर स्वतंत्र लक्ष ठेवावे लागते.

पात्रतेचा भाग तुमच्यापुरता सुटलेला आहे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत विद्यापीठातल्या पदासाठी मुलाखतीला बोलावण्याचा जो गुणतक्ता आहे, त्यात पीएच.डी.ला ३०, जेआरएफसह नेटला ७, नुसत्या नेटला ५ आणि राज्याच्या सेट परीक्षेला ३ गुण आहेत. पदवीला जास्तीत जास्त १५, पदव्युत्तरला २५. प्रत्येक पेपरला २ गुण, पण कमाल १०. पोस्टडॉक किंवा अध्यापनाच्या प्रत्येक वर्षाला २ गुण, तेही कमाल १०. म्हणजे पाचवा पेपर आला की त्या रकान्यातले गुण संपले. सहाव्या पेपरासाठी प्रबंध चार महिने लांबवण्याने इथे काहीच मिळत नाही. आयसर-आयआयटीच्या समितीला मात्र संख्येपेक्षा त्या पेपरांत काय आहे, हे पाहायचे असते. महाविद्यालयांसाठी तक्ता वेगळा आहे, आणि प्रत्यक्ष निवडीला गुण कसे द्यायचे याच्या राज्यातल्या पद्धतीही बदलत असतात. २०२५ च्या जानेवारीत यूजीसीने नव्या नियमांचा मसुदाही जाहीर केला. म्हणून जाहिरातीसोबत दिलेला तक्ताच खरा मानावा.

आता तासिका तत्त्वाबद्दल स्पष्ट बोलतो, कारण इथेच सर्वांत जास्त वर्षे वाया जातात. ‘कॉलेजात पाय तर रोवून ठेवू’ म्हणून हुशार मुले तासावर शिकवायला लागतात. घेतलेल्या तासांचेच पैसे मिळतात. सुट्टीत काही नाही, आणि बिले महिनोन्‌महिने रखडतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे यूजीसीच्या नियमांत आधीची तात्पुरती किंवा कंत्राटी सेवा पुढे मोजली जाण्यासाठी अटी आहेत: नेमणूक रीतसर निवड समितीमार्फत झालेली असावी आणि एकूण वेतन कायम सहायक प्राध्यापकाच्या मासिक वेतनापेक्षा कमी नसावे. तासिका तत्त्वावर दुसरी अट पूर्ण होत नाही. म्हणजे पाच वर्षे शिकवूनही ती सेवा पदोन्नतीच्या हिशेबात येत नाही. वर्गात उभे राहणे आपल्याला जमते का, आवडते का, हे पाहायला एक वर्ष ठीक. त्यापुढे नाही.

पीएच.डी.च्या काळाबद्दलही असाच गैरसमज असतो. नेमणुकीसाठी लागणारा अनुभव मोजताना पीएच.डी. करण्यात गेलेली वर्षे धरली जात नाहीत. अनुभवाचे घड्याळ पदवी मिळाल्यावर सुरू होते. आयआयटीत पहिल्या श्रेणीच्या सहायक प्राध्यापकाला (लेव्हल १२, मूळ वेतन १,०१,५००) पीएच.डी.नंतरचा तीन वर्षांचा अनुभव लागतो, तो याच अर्थाने. व्हायवा लांबला की हे घड्याळही लांबते. कंपनीला बऱ्याचदा ‘प्रबंध सादर केला’ एवढे पत्र चालते, तर सरकारी पदाला विद्यापीठाची अधिसूचना लागते. म्हणून परीक्षकांकडून अहवाल येईपर्यंत मार्गी लागलेल्या मुलांनीही व्हायवाचा पाठपुरावा सोडू नये. नोकरीत रुजू झाल्यावर प्रबंधाच्या दुरुस्त्या करायला रात्री अकरानंतरचाच वेळ मिळतो.

पोस्टडॉकबद्दल तुमच्या गाईडचा सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. पोस्टडॉक करायचा तर कशासाठी, हे एका वाक्यात लिहिता आले पाहिजे. आयसर, आयआयटी किंवा राष्ट्रीय प्रयोगशाळेत स्वतःचा गट उभा करायचा असेल तर तो जवळपास अनिवार्य आहे, आणि विषय बदलून केलेला हवा. पीएच.डी.त पॅलेडियम कपलिंग आणि पोस्टडॉकमध्येही पॅलेडियम कपलिंग, फक्त शहर निराळे, असा उमेदवार समितीला गाईडची दुसरी प्रत वाटतो. संश्लेषण येणाऱ्याने केमिकल बायोलॉजी, फ्लो केमिस्ट्री, इलेक्ट्रोकेमिस्ट्री, पेप्टाइड किंवा पॉलिमर असा एखादा दुसरा हात कमवावा. मुलाखतीत पाच वर्षांचा आराखडा मागतात. त्यात दोन-तीन प्रश्न असावेत, त्यांतला किमान एक आधीच्या दोन्ही गाईडांच्या कामात न बसणारा असावा, आणि पहिल्या दीड वर्षात दोन विद्यार्थ्यांच्या बळावर, महागड्या उपकरणाशिवाय पहिला पेपर कसा निघेल हे त्यात दिसावे. लाखांच्या उपकरणांची यादी देणारे आराखडे अनेक येतात. ‘मास स्पेक्ट्रोमीटर संस्थेत आहे, मला फक्त एक ग्लोव्ह बॉक्स आणि पोटेन्शिओस्टॅट लागेल’ असे लिहिणारा उमेदवार लक्षात राहतो. रुजू झाल्यावर नव्या प्राध्यापकांसाठी अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनची प्रधानमंत्री अर्ली करिअर योजना आहे, तीन वर्षांसाठी ६० लाखांपर्यंत. आराखडा त्या मापात बसवून ठेवला तर पुढचे काम सोपे होते.

पोस्टडॉक दोन वर्षांचा, फार तर तीन. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीपर्यंत मुलाखतींची बोलावणी येत नसतील तर दुसरा पोस्टडॉक घेऊन ती येत नाहीत. चार-पाच वर्षांच्या पोस्टडॉकनंतर कंत्राटी संशोधन कंपन्यांतले दारही अरुंद होते, कारण तुम्हाला ज्या बँडमध्ये घ्यायचे तिथे त्यांना माणसे सांभाळण्याचा अनुभव हवा असतो आणि तुमच्याकडे तो कागदावर नसतो.

आता कंपनीकडे वळू. तुम्हाला आलेले बोलणे कंत्राटी संशोधनातले आहे. तिथला व्यवहार असा की परदेशी औषध कंपनी माणसागणिक वर्षाचे पैसे भरते. त्याला एफटीई म्हणतात. कोणता रेणू करायचा हे ग्राहक ठरवतो. तुमच्या हाताखाली काही एम.एस्सी. केमिस्ट असतात, आठवड्याला किती संयुगे पाठवली याचा हिशेब असतो, आणि दर आठवड्याला ग्राहकाशी कॉल असतो. करार वर्षाचे असतात. ग्राहकाने प्रकल्प बंद केला तर अख्खा गट दुसरीकडे फिरवला जातो किंवा कमी केला जातो. इथे दोन-तीन वर्षांत हाताचा वेग, समस्या सोडवण्याची सवय आणि लोकांकडून काम करून घेणे, हे तिन्ही येते. त्यानंतरही फक्त आज्ञेतले संश्लेषण करत राहिलात तर वाढ थांबते. म्हणून मुलाखतीतच विचारा: हा गट मेडिसिनल केमिस्ट्रीचा (नवे औषधी रेणू शोधणारा) आहे की प्रोसेसचा (ते मोठ्या प्रमाणावर बनवण्याची पद्धत बसवणारा)? रेणूच्या रचनेच्या चर्चेत आमचे लोक बसतात का? मागच्या तीन वर्षांत या गटातून पदोन्नती कशी झाली?

प्रोसेस आर अँड डीची मुलाखत वेगळीच असते, आणि विद्यापीठातून आलेला उमेदवार नेमका तिथेच अडखळतो. तुमच्याच प्रबंधातली एखादी पायरी फळ्यावर लिहायला सांगतात आणि विचारतात, ‘हे १० किलोवर कसे कराल?’ समजा पायरी डीएमएफ या द्रावकात सोडियम हायड्राइड वापरून केलेल्या अल्किलेशनची आहे. ५० मिलीच्या फ्लास्कमध्ये ती रोज होते. पण हे मिश्रण गरम झाले की स्वतःहून तापत जाते, वर हायड्रोजन सुटतो. लहान फ्लास्कमध्ये आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग भरपूर, उष्णता निघून जाते. ५०० लिटरच्या रिॲक्टरमध्ये ती तशी निघत नाही आणि स्फोट होऊ शकतो. अपेक्षित उत्तर असे: प्रोटॉन पुरेसा आम्लधर्मी असेल तर पोटॅशियम कार्बोनेटवर भागते का पाहीन, नाहीतर टीएचएफ या द्रावकात पोटॅशियम टर्शरी-ब्युटॉक्साइड. आधी कॅलरीमेट्री करीन, आणि एक अभिकारक सावकाश सोडून उष्णता ताब्यात ठेवीन. पुढे विचारतात कॉलमबद्दल, म्हणजे कॉलम क्रोमॅटोग्राफीने शुद्ध करण्याबद्दल. कारखान्यात शक्यतो कॉलम करत नाहीत, स्फटिकीकरण करतात. सोडियम सल्फेटवर सुकवत नाहीत, पाणी ॲझिओट्रोपने, म्हणजे द्रावकासोबत ऊर्ध्वपातनाने काढतात. रोटाव्हेपवर (द्रावक उडवून लावणारे उपकरण) कोरडे करून खरवडणे रिॲक्टरमध्ये शक्य नाही, म्हणून एक द्रावक काढत काढत दुसरा घालतात. उणे ७८ अंशांची पायरी असेल तर त्यासाठी खास रिॲक्टर लागतो, तो किती कारखान्यांत आहे?

शुद्धतेचा अर्थही बदलतो. प्रबंधात एनएमआर स्वच्छ दिसला की काम झाले. औषधातल्या मूळ सक्रिय घटकात, रोजचा डोस २ ग्रॅमपर्यंत असेल तर, ०.१० टक्क्यावरची अशुद्धी (किंवा दिवसाला १ मिलिग्रॅम, जे कमी असेल ते) कोणती आहे हे शोधून काढावे लागते. तोंडावाटे घ्यायच्या औषधात पॅलेडियमची मर्यादा दिवसाला १०० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे रोजचा डोस १ ग्रॅम असेल तर १०० पीपीएम. पॅलेडियम वापरून होणाऱ्या सुझुकी कपलिंगचे ९२ टक्के उत्पन्न सांगणाऱ्याला ‘पॅलेडियम कसे काढाल?’ हा प्रश्न हमखास येतो. तुमच्या चार पेपरांतल्या प्रत्येक मुख्य पायरीला हे सगळे प्रश्न स्वतःच विचारून, उत्तरे एका वहीत लिहून काढा. पंधरा दिवसांचे काम आहे, आणि मुलाखतीसाठी याहून चांगली तयारी दुसरी नाही. हे करताना मजा आली तर तोही एक कौल समजा. ‘हे कशाला?’ असे वाटत राहिले तर प्रोसेस विभागात तुम्ही रमणार नाही.

बायोडेटा दोन पानांचा ठेवा. कंपनीसाठी पेपरांची यादी शेवटी. वर काय करता येते ते: किती पायऱ्यांची संश्लेषणे, कोणत्या प्रमाणावर (१०० मिलिग्रॅम की ५० ग्रॅम), कोणती उपकरणे स्वतः चालवली, किती जणांना शिकवून कामाला लावले. ‘एचपीएलसी येते’ आणि ‘कायरल एचपीएलसीची पद्धत स्वतः बसवली’ यांत वाचणाऱ्याला फार फरक दिसतो.

हैदराबाद आणि बंगळूरला शोधकार्यातल्या केमिस्टच्या जागा जास्त आहेत हे खरे, पण महाराष्ट्र सोडायचाच नसेल तर शोध रुंद करा. पुण्याजवळ ल्युपिनचे संशोधन केंद्र आहे, हिंजवडीत जेनोव्हा आहे, प्राजचे मॅट्रिक्स केंद्र आहे. नवी मुंबईत एशियन पेंट्स आणि गॅलक्सी सर्फॅक्टंट्स आहेत. रंग, पृष्ठक्रियाकारके, चिकटद्रव्ये, सुगंधी रसायने या क्षेत्रांकडे सेंद्रिय रसायनशास्त्रातली मुले वळत नाहीत. माझ्या मते हे चुकते. तिथे गट लहान असतात, वस्तू बाजारात आलेली दिसते आणि औषधक्षेत्रातल्या चढउतारांचा फटका कमी बसतो. उपकरण कंपन्यांतले ॲप्लिकेशन सायंटिस्ट, पेटंट विश्लेषण, रेग्युलेटरी हेही मार्ग आहेत. पेटंटकडे जायचे तर पेटंट एजंटची परीक्षा द्या. दोन पेपर आणि तोंडी, प्रत्येक पेपरात किमान ५० टक्के आणि एकूण ६० टक्के लागतात, विज्ञानाची पदवी पुरते. स्वतःची कल्पना असेल तर बायरॅक या केंद्राच्या जैवतंत्रज्ञान संस्थेचे ‘बिग’ नावाचे अनुदान आहे, १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत, आणि पुण्यात एनसीएलच्या आवारातले व्हेंचर सेंटर अशा लोकांना प्रयोगशाळेची जागा देते.

‘कंपनीत गेलो तर परत येता येते का?’ कागदावर येते. सहयोगी प्राध्यापकाला यूजीसी जो आठ वर्षांचा अनुभव मागते, त्यात उद्योगातला समतुल्य संशोधन अनुभव धरता येतो. पण सोबत सात पेपर आणि ७५ चा संशोधन गुणांक लागतो, आणि कंपनीत पेपर निघत नाहीत. काम गोपनीय असते, पेटंट कंपनीच्या नावे जातात. म्हणून परतीचा रस्ता मोकळा ठेवायचा असेल तर रुजू होण्याआधी प्रबंधातले सगळे अप्रकाशित काम पाठवून टाका. रुजू झाल्यावर तो अर्धवट मसुदा बहुतेकांचा तसाच राहतो. रासायनिक तंत्रज्ञान, औषधनिर्माण, मटेरियल्स सायन्स अशा उपयोजित विभागांत उद्योगातून आलेल्याला किंमत आहे. शुद्ध सेंद्रियमध्ये पाच वर्षांनंतर परतणे अवघड. पंधरा वर्षांनंतर ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ म्हणून येता येते, पण ते पद मुदतीचे आहे, कायम नव्हे.

रोजचे काम कसे असेल, हेही पाहा. यूजीसीप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास थेट अध्यापन असते. त्यावर प्रात्यक्षिकांची तयारी, पेपर तपासणी, प्रवेश, नॅकच्या फायली, कधी निवडणुकीचे काम. बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकाला बाष्पकक्ष (विषारी वाफा खेचून घेणारे फ्यूम हूड) चालत नाही आणि अनुदान आलेले नाही, अशा स्थितीत संशोधन टिकवायचे असते. ज्याला शिकवण्यातच रस आहे त्याला हे जड जात नाही. ज्याला संशोधन करायचे आहे आणि शिकवणे ही त्याची किंमत वाटते, तो पदवी महाविद्यालयात लवकर थकतो. त्याने आयसरसारख्या संस्था, राष्ट्रीय प्रयोगशाळा किंवा कंपनी, यांतच शोधावे. खाजगी विद्यापीठाचे बोलणे आले तर अध्यापनाचे तास, सुरुवातीचे संशोधन अनुदान आणि विद्यार्थी घेण्याची परवानगी, तिन्ही नेमणूक पत्रात लिहून मागा. तोंडी आश्वासन देणारा अधिष्ठाता पुढच्या वर्षी बदललेला असू शकतो.

तुमच्या बाबतीत मी असे करीन. पुढच्या सात महिन्यांत तिन्ही बाजूंना अर्ज, एकापाठोपाठ नव्हे, एकाच वेळी. सीएसआयआर आणि इन्स्पायरची जाहिरात निघाली की चुकवायची नाही, कारण वयाचे दार तिथेच आहे. परदेशात पाच-सहा निवडक गटांना पत्रे, प्रत्येक पत्रात त्यांच्या अलीकडच्या एका पेपरावर दोन ओळींचा ठोस विचार, आणि विषय तुमच्या प्रबंधाहून वेगळा. कंपनीला सांगायचे की रुजू होणे प्रबंध सादर केल्यानंतरच. दोन-तीन महिन्यांची मुदत ते सहसा मान्य करतात, फक्त ती लेखी घ्या. प्रबंध अर्धा ठेवून रुजू होणे ही या टप्प्यावरची सर्वांत महागडी चूक आहे. गाईडना आत्ताच स्पष्ट सांगा की कंपनीचाही विचार चालू आहे. शिफारसपत्र त्यांच्याकडूनच लागणार आहे, आणि शेवटच्या आठवड्यात कळले तर पत्रात तो थंडपणा उतरतो.

स्वतःचा गट उभारायची ओढ खरी असेल, म्हणजे आत्ताही गाईडने न सांगितलेला एखादा प्रश्न तुम्ही वेळ काढून तपासत असाल, तर चांगल्या गटातला पोस्टडॉक घ्या आणि चौतिसावे वर्ष ही मर्यादा ठरवून घरच्यांनाही सांगा. तशी ओढ नसेल तर केवळ पदवीचा मान राहावा म्हणून पोस्टडॉक घेऊ नका, हैदराबादला जा. प्राध्यापकीची इच्छा असूनही जागा निघत नसतील तर तासिका तत्त्वावर थांबण्यापेक्षा नोकरी करत राहून प्रत्येक कायम जागेच्या जाहिरातीला अर्ज करणे केव्हाही चांगले. मुलाखतीच्या पाठाची तयारी मात्र ठेवा: स्टिरिओकेमिस्ट्री आणि अभिक्रियांच्या यंत्रणा, असे दोन विषय मराठीत आणि इंग्रजीत वीस मिनिटे फळ्यावर शिकवता आले पाहिजेत.

करारावर सही करण्याआधी चार गोष्टी वाचा. नोटीस ६० दिवसांची की ९०, आणि ती पैसे भरून कमी करता येते का. सरकारी नेमणुकीत रुजू व्हायची मुदत कमी असते आणि ९० दिवसांच्या नोटिशीत ती निघून जाते. बाँड असेल तर रक्कम आणि कालावधी काय, आणि ती कोणत्या प्रशिक्षणाच्या खर्चापोटी आहे. नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जायचे नाही, असे कलम असेल तर ते भारतीय करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. गोपनीयतेचे कलम मात्र टिकते, त्यामुळे वह्या, स्पेक्ट्रा, ग्राहकाची नावे यांतले काहीही घरी नेऊ नका. आणि मूळ प्रमाणपत्रे कुणाकडेही, कंपनीकडे वा संस्थेकडे, ठेव म्हणून देऊ नका. पडताळणीला दाखवा, साक्षांकित प्रती द्या आणि मूळ कागद त्याच दिवशी परत घ्या.